लिनक्स कर्नलला पहिला पॅच पाठवताना

गिटहबवर लिनक्सचा जनक लिनस टोर्वाल्ड्स याच्या खात्यात लिनक्सची रेपो (कोडचा साठा) दिसते. फोर्कचं बटण तिथे आहे, पुल रिक्वेस्टही टाकता येते. फक्त ती कोणी मर्ज करत नाही, कारण ती रेपो म्हणजे मूळ ट्रीची (कर्नलच्या पूर्ण सोर्स कोडची) नुसती प्रत आहे. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, बदल जातो तो ईमेलने: साधा टेक्स्ट, एका मेलमध्ये एक पॅच (बदललेल्या ओळींचा मजकूर), अटॅचमेंट नाही, एचटीएमएल नाही. गिटहबवर हात बसलेल्या माणसाला हे जुनाट वाटतं. पण मेन्टेनरच्या, म्हणजे कर्नलचा एखादा विभाग सांभाळणाऱ्या माणसाच्या, बाजूने बघितलं तर त्यातला प्रत्येक नियम कळतो. त्याच्याकडे रोज पॅचचा ढीग येतो. मेलमध्येच कोड वाचायचा, त्याच ओळीखाली शेरा लिहायचा, आवडला तर एका कमांडने ट्रीमध्ये घ्यायचा, एवढाच त्याचा दिनक्रम. या तिन्हींपैकी कुठेही अडखळायला लावलं की तुमचा पॅच ढिगाच्या तळाला जातो, आणि नवख्यांचे पॅच बहुतेकदा तिथेच अडकतात, कोड तपासायची वेळ यायच्या आधी.

खालच्या कमांड तोंडी सांगतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थात रोमनमध्ये टाइप करायच्या.

आधी वेळापत्रक बघा

कर्नलची नवी आवृत्ती साधारण ९ ते १० आठवड्यांनी येते. ती आली की दोन आठवडे ‘मर्ज विंडो’ असते. या काळात मेन्टेनर आपापल्या ट्रीमध्ये जमवलेलं काम लिनसकडे पाठवतात. विंडो बंद झाली की आरसी-१ (रिलीज कँडिडेट, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती), मग दर रविवारी एक आरसी, बहुतेकदा आरसी-७ पर्यंत, कधी आरसी-८. अमेरिकेतल्या रविवारी दुपारी निघालेली आरसी आपण सोमवारी सकाळी उठतो तेव्हा आलेली असते.

मर्ज विंडोत नवं काम पाठवू नका. मेन्टेनर तेव्हा स्वतःच परीक्षेला बसलेला असतो. नेटवर्किंगवाले तर ‘नेट-नेक्स्ट’ ट्री बंद असल्याचं जाहीरच करतात आणि त्या दोन आठवड्यांत आलेलं नवं काम परत पाठवतात. उलट आरसी-१ ते आरसी-५ हा चांगला काळ. आरसी-६ च्या सुमाराला बरेच मेन्टेनर पुढच्या आवृत्तीसाठी दार लावून घेतात. बग दुरुस्त करणारा पॅच मात्र कधीही चालतो.

काय हाती घ्यायचं

स्टाइल सुधारणारे पॅच फक्त ‘ड्रायव्हर्स/स्टेजिंग’ मध्ये. हा विभाग अर्धकच्च्या ड्रायव्हर्ससाठीच आहे. बऱ्याच ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये ‘टूडू’ नावाची फाइल असते, आणि नवख्यांनी तिथे हात साफ करावा असं अपेक्षितच आहे. इतर विभागांत जाऊन रिकाम्या जागा आणि कंस नीट करत बसलात तर उत्तर येत नाही, किंवा येतं ते आवडत नाही. तिथला प्रत्येक निरर्थक बदल जुन्या आवृत्त्यांत दुरुस्त्या नेताना आडवा येतो.

खरं काम हवं असेल तर ‘मेक’ला ‘डब्ल्यू बरोबर १’ जोडून एखादा विभाग बिल्ड करा. जास्तीच्या वॉर्निंग निघतात, त्यातल्या काही खऱ्या बगकडे नेतात. गूगलच्या ‘सिझबॉट’ या आपोआप बग शोधणाऱ्या बॉटची उघडी यादी आहे, तिथल्या कित्येक नोंदींसोबत बग पुन्हा घडवून दाखवणारा प्रोग्रामही मिळतो. सगळ्यात बरं म्हणजे तुमच्याकडे जे हार्डवेअर आहे त्याचा ड्रायव्हर वाचा. ‘मी हे बोर्डवर चालवून बघितलं’ या वाक्याला कर्नलमध्ये फार वजन आहे.

ट्री, कॉन्फिग आणि बिल्ड

मुळाशी असलेल्या ‘मेन्टेनर्स’ फाइलमध्ये प्रत्येक विभागाची नोंद असते. ‘एम’ म्हणजे मेन्टेनर, ‘एल’ म्हणजे मेलिंग लिस्ट, ‘टी’ म्हणजे ट्री, ‘एफ’ म्हणजे कोणत्या फाइली. तुमची फाइल ज्या नोंदीत येते तिच्या ‘टी’ समोरची ट्री घ्या आणि तिच्यावर पॅच करा. ‘टी’ नसेल तर ‘लिनक्स-नेक्स्ट’, किंवा निदान लिनसची ताजी आरसी. उबुंटूने दिलेल्या कर्नलच्या सोर्सवर किंवा मागच्या वर्षीच्या टारबॉलवर केलेला बदल मेन्टेनरकडे लागूच होत नाही.

डेबियन किंवा उबुंटूवर बिल्ड-इसेन्शिअल, फ्लेक्स, बायसन, बीसी, लिब-एसएसएल-डेव्ह, लिब-एल्फ-डेव्ह आणि लिब-एनकर्सेस-डेव्ह एवढी पॅकेजेस लागतात. ‘गिट-ईमेल’ हे गिटपासून वेगळं पॅकेज आहे, तेही आत्ताच टाका. डिस्कवर ३० जीबी मोकळी ठेवा. डिस्ट्रोच्या (उबुंटू वगैरेच्या) कॉन्फिगने, म्हणजे काय काय बिल्ड करायचं त्या यादीने, पूर्ण बिल्ड केला तर तीही कमी पडू शकते, म्हणून ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ वापरा: त्या क्षणी लोड असलेले मॉड्यूल्स तेवढे ठेवून बाकीचे तो गाळतो. पेनड्राइव्ह, वेबकॅम, ब्लूटूथ, जे काही लागणार असेल ते ही कमांड देण्याआधी एकदा जोडून घ्या. नाहीतर त्यांचे ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये नसतील आणि अर्धा दिवस कारण शोधण्यात जाईल.

पहिल्याच बिल्डमध्ये हमखास भेटणाऱ्या तीन अडचणी अशा.

उबुंटूचा कॉन्फिग उचलला असेल तर थोड्या वेळात ‘कॅनोनिकल-सर्ट्स’ नावाची पेम फाइल सापडत नाही म्हणून मेक थांबतो. कॉन्फिगमधल्या ‘सिस्टिम ट्रस्टेड कीज’मध्ये कॅनोनिकलच्या स्वतःच्या फाइलचा पत्ता असतो, ती तुमच्याकडे कुठून असणार? ‘स्क्रिप्ट्स/कॉन्फिग’ला ‘डबल-डॅश डिसेबल’ देऊन ते आणि ‘सिस्टिम रिव्होकेशन कीज’ दोन्ही बंद करा.

दुसरी अडचण, इन्स्टॉल करताना ‘बूट’ पार्टिशन भरतं. डीबग माहितीसकट मॉड्यूल्स गेले की इनिटआरडी (बूट होताना आधी लोड होणारी फाइल) कितीतरी पट फुगतो. ‘मेक मॉड्यूल्स-इन्स्टॉल’ला ‘इन्स्टॉल-मॉड-स्ट्रिप बरोबर १’ जोडा.

तिसरी म्हणजे सगळं नीट होऊनही नवा कर्नल बूट होत नाही, सही चुकीची असल्याचा संदेश येतो. मशीनवर सिक्युअर बूट चालू आहे आणि तुमच्या कर्नलवर त्याला ओळखीची सही नाही. रोजच्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट बंद करण्यापेक्षा क्यूएमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये चाचणी करा. ‘व्हर्टमी-एनजी’ हे टूल नुकत्याच बिल्ड केलेल्या कर्नलला काही सेकंदांत व्हर्च्युअल मशीनमध्ये उभं करतं, इन्स्टॉल करायलाही लागत नाही.

एक बदल, एक पॅच

एक नेहमीचा बग घेऊ. एका प्लॅटफॉर्म ड्रायव्हरच्या ‘प्रोब’ फंक्शनमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर ते सुरू करणाऱ्या) क्लॉक, म्हणजे हार्डवेअरला चालवणारा ठोका, चालू केला जातो, पुढे इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला द्यायची हाक) मागितला जातो, आणि तो मिळाला नाही तर फंक्शन सरळ एरर कोड घेऊन परत फिरतं. क्लॉक तसाच चालू. वरवर किरकोळ प्रकरण. पण इंटरप्ट कंट्रोलरच अजून तयार नसेल तर मिळणारा एरर ‘प्रोब-डिफर’ असतो, म्हणजे कर्नल हाच प्रोब थोड्या वेळाने पुन्हा चालवतो. प्रत्येक फेरीला क्लॉकचा ‘एनेबल काउंट’ (किती वेळा चालू केला तो आकडा) एकने वाढतो. शेवटी प्रोब यशस्वी होतो, ड्रायव्हर पुढे कधीतरी क्लॉक एकदा बंद करतो, पण काउंट शून्यावर येतच नाही. क्लॉक कायमचा चालू राहतो आणि बॅटरी खातो.

हे डोळ्यांनी बघता येतं. डीबग-एफएस (कर्नलच्या आतली माहिती फाइलींतून दाखवणारी फाइल सिस्टिम) माउंट करून त्यातल्या ‘सीएलके’ फोल्डरमधली ‘सीएलके-समरी’ फाइल वाचा. इंटरप्ट मागणाऱ्या ओळीच्या जागी तात्पुरता एरर परत द्या आणि सिसएफएसमधल्या त्या ड्रायव्हरच्या ‘बाइंड’ फाइलमध्ये डिव्हाइसचं नाव दहा वेळा लिहा. काउंट १० ने वर गेलेला दिसेल. दुरुस्तीनंतर हाच प्रयोग केला की तो जागचा हलत नाही. हे निरीक्षण जपून ठेवा, कमिट संदेशात लागणार आहे.

दुरुस्ती दोन ओळींची: परत फिरण्याऐवजी ‘गोटू’ने खालच्या लेबलवर जायचं आणि तिथे क्लॉक बंद करून मग परतायचं. कर्नलमध्ये गोटू निषिद्ध नाही, एरर आल्यावर आवरासावर करण्याची तीच रीत आहे. ज्या क्रमाने घेतलं त्याच्या नेमक्या उलट क्रमाने सोडायचं.

इथे मोह होतो. फाइल उघडलीच आहे तर सगळं ‘डेव्ह-एम’ पद्धतीचं करू, म्हणजे क्लॉक आपोआप बंद होईल. शिवाय त्या शेजारच्या कमेंटमधलं स्पेलिंगही चुकलंय. दोन्ही चांगले बदल, पण या पॅचमध्ये नकोत. दुरुस्ती जुन्या स्टेबल (अजून दुरुस्त्या मिळणाऱ्या) आवृत्त्यांत जायची असते आणि तिथे ती जितकी लहान तितकी सहज बसते. डेव्ह-एममध्ये एक खाचही आहे. डेव्ह-एमने घेतलेल्या गोष्टी ‘रिमूव्ह’ (ड्रायव्हर काढताना चालणारं) फंक्शन संपल्यावर सुटतात. इंटरप्ट डेव्ह-एमचा आणि क्लॉक मात्र रिमूव्हमध्ये हाताने बंद केलेला असेल, तर मधल्या क्षणी इंटरप्ट येऊ शकतो आणि हँडलर क्लॉक नसलेल्या हार्डवेअरचे रजिस्टर वाचायला जातो. काही चिपवर तिथेच सगळी सिस्टिम गोठते. अर्धवट डेव्ह-एम केलेल्या पॅचवर अनुभवी रिव्ह्यूअर पहिलं बोट याच जागी ठेवतो.

म्हणून मालिका करा: पहिला पॅच दुरुस्तीचा, दुसरा रूपांतराचा, तिसरा स्पेलिंगचा. मालिकेत कुठेही थांबलं तरी कर्नल बिल्ड व्हायला हवा आणि चालायला हवा, कारण पुढे कोणीतरी ‘गिट बायसेक्ट’ करताना (बग कोणत्या कमिटने आला ते शोधताना) नेमका तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पॅचच्या मधे उतरणार आहे. एका वेळी १५ च्या वर पॅच पाठवू नयेत. पहिल्या खेपेला एकच पाठवला तर उत्तम.

स्टाइलचं थोडक्यात: इंडेंटला टॅब, आणि टॅब म्हणजे ८ अक्षरं. ओळ शक्यतो ८० कॉलमची. २०२० पासून स्टाइल तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट १०० पर्यंत गप्प बसते, पण ८० ची आवड अजून गेलेली नाही. एडिटरमधलं ‘सेव्ह करताना फॉरमॅट करा’ बंद करा, नाहीतर दोन ओळींचा पॅच दोनशे ओळींचा होऊन जाईल.

कमिट संदेश

कोडला जितका वेळ दिला तितकाच इथे द्या. संदेश इंग्रजीत असतो; रचना कळावी म्हणून त्याचा आशय मराठीत देत आहोत.

शीर्षकात आधी विभागाचं नाव, मग कोलन, मग काय केलं ते, आज्ञार्थात. विभागाचं नाव मनाने बनवू नका. त्या फाइलवर ‘गिट लॉग डबल-डॅश वनलाइन’ चालवा आणि आधीच्यांनी जे लिहिलंय तेच घ्या; कोणी ड्रायव्हरचं नाव कॅपिटल अक्षरांत लिहितं, कोणी लहान, कोणी दोन कोलन देतं. एकूण शीर्षक ७० ते ७५ अक्षरांत.

‘ड्रायव्हरमधली चूक दुरुस्त’ हे शीर्षक वाचून काहीही कळत नाही. ‘प्रोब फसल्यास क्लॉक बंद कर’ हे वाचून मेन्टेनरला निम्मा पॅच समजलेला असतो.

मजकूर ७५ कॉलमला मोडायचा. क्रम असा: आत्ता काय होतं, त्याने कोणाचं काय बिघडतं, आणि मग काय बदललं. आपल्या उदाहरणात: ‘प्रोबमध्ये क्लॉक चालू केल्यानंतर इंटरप्ट मिळाला नाही तर क्लॉक बंद न करता फंक्शन परत जातं. इंटरप्ट कंट्रोलर उशिरा तयार झाल्यास प्रोब पुन्हा पुन्हा चालतो आणि दर वेळी एनेबल काउंट वाढतो, त्यामुळे डिव्हाइस काढल्यावरही क्लॉक बंद होत नाही. या वाटेवर क्लॉक बंद कर. प्रोब दहा वेळा फसवून काउंट वाढत नसल्याची खात्री केली.’ चार वाक्यं. ‘हा पॅच असं करतो’ अशी सुरुवात नको. कोडला हुकूम दिल्यासारखं लिहायचं.

खाली टॅग. ‘फिक्सेस’ टॅगमध्ये ज्या कमिटने बग आणला तिच्या हॅशची (गिटने दिलेल्या ओळखखुणेची) पहिली १२ अक्षरं आणि कंसात अवतरणचिन्हांत तिचं शीर्षक. ती कमिट ‘गिट ब्लेम’ने (कोणती ओळ कोणत्या कमिटने आली ते दाखवणाऱ्या कमांडने) शोधा, पण ब्लेम दाखवेल त्या पहिल्याच नावावर थांबू नका. बऱ्याचदा ती कोणीतरी फंक्शन हलवल्याची कमिट असते आणि खरा बग तिच्याही मागे असतो. गिट कॉन्फिगमध्ये ‘कोअर-डॉट-ॲब्रेव्ह’ १२ करून ठेवलं की दर वेळी मोजावं लागत नाही. ही ओळ ७५ च्या पुढे गेली तरी मोडायची नाही, कारण ती स्क्रिप्ट वाचतात. टॅगांच्या मधे रिकामी ओळही नको. दुरुस्ती जुन्या आवृत्त्यांत जावी असं वाटत असेल तर ‘सीसी’ टॅगमध्ये स्टेबल लिस्टचा पत्ता इथेच, संदेशात लिहायचा. मेलच्या सीसीत नुसता पत्ता टाकून ते होत नाही.

शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’. ‘गिट कमिट’ला ‘मायनस एस’ दिलं की ओळ आपोआप येते, आणि म्हणूनच तिचा अर्थ न वाचता ती टाकली जाते. २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर लिनक्समधल्या कोडवरून दावा लावला. त्यानंतर २००४ मध्ये कर्नलने ही पद्धत आणली. सही करून तुम्ही सांगता की हा कोड या लायसन्सखाली देण्याचा तुम्हाला हक्क आहे. हिंजवडीत किंवा ऐरोलीत नोकरी करत असाल तर नेमणुकीच्या करारातलं बौद्धिक संपदेचं कलम आधी वाचा. घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेला कोडही कंपनीचा ठरवणारे करार असतात. तसं असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. एआयकडून कोड लिहून घेतला असला तरी सही माणसाची आणि जबाबदारीही त्याचीच.

सहीवर ओळखता येईल असं नाव हवं, निनावी चालत नाही. सहीतला पत्ता आणि कमिटच्या लेखकाचा पत्ता एकच असू द्या. गिटहबने दिलेला ‘नो-रिप्लाय’ पत्ता कॉन्फिगमध्ये राहून गेलेला असतो, तो काढा. वर्षभराने कोणाला बग सापडला तर तुम्हाला गाठायचं कसं?

पाठवण्याआधी तपास

‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधली ‘चेकपॅच’ डबल-डॅश स्ट्रिक्ट देऊन चालवा. एरर सगळे मिटवा. वॉर्निंग वाचून ठरवा, कारण चेकपॅच ही स्क्रिप्ट आहे, मेन्टेनर नव्हे. आजूबाजूच्या कोडशी विसंगत होत असेल तर तिचं ऐकू नका. मग ‘डब्ल्यू बरोबर १’ आणि स्पार्स या कोड तपासणाऱ्या टूलसाठी ‘सी बरोबर १’ देऊन ते एकच फोल्डर पुन्हा बिल्ड करा.

एक बिल्ड ३२-बिटचाही करा. ६४-बिट संख्येला साध्या भागाकाराच्या चिन्हाने भागलं तर लॅपटॉपवर सगळं ठीक चालतं, आणि ३२-बिट एक्स-८६ वर लिंक करताना ‘यूडिव्ह-डीआय-३’ सापडत नसल्याचा एरर येतो. कर्नल त्या भागाकारासाठी कंपायलरची लायब्ररी जोडत नाही; ‘डिव्ह-यू६४’ वापरावं लागतं. तुम्ही हे केलं नाही तर इंटेलचा ‘कर्नल टेस्ट रोबॉट’ करतो आणि सगळ्यांना सीसी ठेवून तुम्हाला मेल टाकतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, जुन्याजाणत्यांनाही तो मेल येतो.

मेल

‘गिट फॉरमॅट-पॅच मायनस एक’ने शेवटच्या कमिटची फाइल बनते. मालिका असेल तर ‘डबल-डॅश कव्हर-लेटर’ जोडा आणि कव्हरमध्ये मालिकेचा हेतू लिहा. ‘डबल-डॅश बेस’ दिलं की पॅच कोणत्या कमिटवर बसतो ते खाली नोंदलं जातं. नेटवर्किंगसाठी शीर्षकाच्या चौकटी कंसात ‘नेट’ (दुरुस्ती) किंवा ‘नेट-नेक्स्ट’ (नवं काम) यांपैकी एक लागतं.

मग ‘गेट-मेन्टेनर’ ही स्क्रिप्ट त्या पॅच फाइलवर चालवा. यादीतले मेन्टेनर ‘टू’मध्ये, रिव्ह्यूअर आणि लिस्ट ‘सीसी’मध्ये. स्क्रिप्ट कधी कधी गिटच्या इतिहासातून नावं काढते आणि दहा वर्षांपूर्वी एक ओळ बदललेल्या माणसाला गोवते. ‘डबल-डॅश नो-गिट-फॉलबॅक’ दिलं की ती नावं गळतात. लिस्टला मेल पाठवायला तिची सदस्यता लागत नाही.

पाठवायचं ‘गिट सेंड-ईमेल’नेच. जीमेलच्या वेब खिडकीत पॅच पेस्ट केला की टॅबचे स्पेस होतात आणि ओळी ७८ अक्षरांवर तुटतात. दिसायला तो पॅचच दिसतो, लागू मात्र होत नाही. जीमेलचा सर्व्हर वापरायला हरकत नाही: पोर्ट ५८७, टीएलएस, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून घेतलेला १६ अक्षरी ‘ॲप पासवर्ड’. नेहमीचा पासवर्ड चालत नाही.

होस्टेलच्या किंवा ऑफिसच्या वायफायवर पोर्ट ५८७ बंद असलं तर कमांड बराच वेळ लटकून टाइमआउट होते. मोबाइलचा हॉटस्पॉट हा सोपा उपाय. ‘बी-४’ हे टूल दुसरा. त्यात स्वतःची डिजिटल किल्ली (की) नोंदवली की ‘बी-४ सेंड’ वेबमार्गे पॅच पाठवतं, एसएमटीपी (मेल पाठवण्याचा नेहमीचा मार्ग) लागतच नाही. आवृत्त्या आणि सीसीची यादीही ते सांभाळतं, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या पॅचपासून तेच वापरावं.

कंपनीचा मेल सर्व्हर प्रत्येक मेलच्या पायाशी ‘हा मजकूर गोपनीय आहे’ असं चिकटवत असेल तर तिथून पाठवू नका. गोपनीय म्हणून आलेला कोड जाहीर ट्रीमध्ये घ्यायचा कसा, असा रास्त प्रश्न पडून मेन्टेनर तो सोडून देतो. कमिटचा लेखक म्हणून ऑफिसचा पत्ता ठेवा आणि मेल खासगी पत्त्यावरून सोडा. गिट मजकुराच्या पहिल्या ओळीत ‘फ्रॉम’ घालून लेखकाचा पत्ता जपतं.

आधी फक्त स्वतःला पाठवा. आलेला मेल कच्च्या रूपात उतरवून स्वच्छ ब्रांचवर ‘गिट एएम’ने लावून बघा. लागला, तर खरा पाठवा.

उत्तर आल्यावर

आणि न आल्यावर. किमान एक आठवडा थांबा; दोन-तीन आठवडे लागणंही नेहमीचंच. मग त्याच मेलला उत्तर देऊन एका ओळीत नम्रपणे विचारा. त्याआधी ‘लोअर’ (रोमनमध्ये lore) या लिस्टवरच्या मेलच्या जाहीर संग्रहात आपला मेल पोचलाय ना ते बघा. तिथे नसेल तर तो लिस्टवर पोचलेलाच नाही.

शेरे आले की प्रत्येकाला त्याच ओळीखाली उत्तर द्या, वरती नको, आणि नको असलेला जुना मजकूर कापा. फोनवरच्या जीमेलमधून उत्तर दिलं तर ते एचटीएमएल जातं आणि लिस्ट ते परत फेकते. मेन्टेनरला मिळतं, बाकीच्यांना नाही, आणि संभाषण अर्धवट दिसतं. ‘रिस्पेक्टेड सर’ लिहायची सवय सोडा. पहिलं नाव पुरतं. कोरडं उत्तर म्हणजे राग नव्हे. शेरा पटला नाही तर कारण देऊन तसं सांगा. सगळ्यात वाईट म्हणजे शेऱ्याला उत्तर न देता, बदलही न करता, पुढची आवृत्ती पाठवणं.

दुसरी आवृत्ती ‘मायनस व्ही २’ देऊन बनवा आणि नव्या थ्रेडमध्ये पाठवा. काय बदललं ते तीन डॅशच्या ओळीखाली लिहायचं, सोबत आधीच्या आवृत्तीची लोअरवरची लिंक. त्या ओळीखालचं ‘गिट एएम’ टाकून देतं, म्हणून इतिहासात कचरा राहत नाही. कोणी ‘रिव्ह्यूड-बाय’ दिला असेल तर तो पुढच्या आवृत्तीत तुम्हीच जोडायचा. पण कोड बराच बदलला असेल तर काढा आणि का काढला ते सांगा. नेटवर्किंगमध्ये दोन आवृत्त्यांत किमान २४ तासांचं अंतर हवं. इतरत्रही तासाभरात व्ही-२ टाकणं बरं नाही, कारण दुसऱ्या टाइमझोनमधला रिव्ह्यूअर अजून झोपलेला असतो.

‘अप्लाइड, थँक्स’ असा दोन शब्दांचा मेल आला की पॅच मेन्टेनरच्या ट्रीमध्ये गेला. एक-दोन दिवसांत तो लिनक्स-नेक्स्टमध्ये दिसतो आणि नवं काम असेल तर पुढच्या मर्ज विंडोत लिनसकडे जातो. दुरुस्ती चालू आरसीतही जाऊ शकते.

स्टेबलचा टॅग लावला असेल तर त्यानंतरही मेल येत राहतात. पॅच जुन्या आवृत्तीवर सरळ बसला नाही तर ‘फेल्ड’ या शब्दाने सुरू होणाऱ्या शीर्षकाचा मेल येतो. त्यात ती स्टेबल ब्रांच आणण्यापासून ‘चेरी-पिक मायनस एक्स’ करून परत पाठवण्यापर्यंतच्या सगळ्या कमांड क्रमाने दिलेल्या असतात. मधली कॉन्फ्लिक्ट सोडवणं तेवढं तुमच्याकडे असतं. त्या जुन्या ड्रायव्हरमध्ये लेबलांची नावं वेगळी असतील, तेव्हा क्लॉक कुठल्या ओळीपासून चालू आहे ते तिथेही पुन्हा वाचून मगच गोटू लावा.